एकशे पस्तीस तास

कॉलेजातून आलेला फॉर्म चार पानी.
वर माझं नाव छापलेलं: रोझेर विलेट, पर्यवेक्षक.
त्याखाली पदवी, आणि रिकामा चौकोन.
तिथे एक आडवी रेघ मारली
आणि कॉफी आणायला उठलो.

पंचेचाळीस तासांना एक क्रेडिट.
मिरेलला तीन हवीत, म्हणजे एकशे पस्तीस तास
या पंपघरात, नदीच्या काठी,
जिच्या पलीकडे कॅनडा
आणि अलीकडे मेन राज्यातली आमची बटाट्याची शेतं
बर्फाखाली उताणी पडलेली.

काल रात्री सहज हिशेब मांडला, वीजबिलाच्या पाठीवर:
एकतीस वर्षं, वर्षाचे दोन हजार तास,
भागिले पंचेचाळीस.
तेराशे सत्त्याहत्तर क्रेडिटं, वर थोडे चिल्लर तास.
तिला पदवीला साठ पुरतात.
बायकोला दाखवला. ती म्हणाली, बरं प्रोफेसर,
कचरा बाहेर ठेवायचा राहिलाय.

"शिकण्याची उद्दिष्टे" असा एक रकाना.
तो तिनेच भरलाय, सुबक अक्षरात:
क्लोरीनचं प्रमाण, दाबाच्या नोंदी, झडपांची देखभाल.
बरोबर आहे. हे पुस्तकातही आहे.
पुस्तकात नाही ते असं:
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवरच्या लोखंडाला टेकवायचं,
मूठ कानामागच्या हाडाला,
श्वास धरायचा
आणि पंप काय म्हणतोय ते ऐकायचं.
धडधाकट बेअरिंग गुणगुणतं.
बिघडायला लागलं की त्याच्या दाताखाली वाळू येते.
मला हे गॅस्टन मिशोने शिकवलं.
त्याने कुठल्या फॉर्मवर सही केली नाही,
एकदाच म्हणाला, हं.

जानेवारीतल्या एका रविवारी, उणे अठ्ठावीस,
मिरेल म्हणाली, दोन नंबरमध्ये वाळू आहे.
मी स्क्रूड्रायव्हर लावला.
गुणगुणत होता, नेहमीसारखा.
म्हटलं, ठीक आहे तो.
ती गप्प राहिली. मग पुन्हा म्हणाली.
तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझं डोकं फिरलं,
तिची जिरवायची म्हणूनच पंप खोलला.

गोळ्यांवरून खवले निघत होते.
आणखी फार तर आठवडा,
मग अर्धं गाव कोरडं, ऐन थंडीत,
दवाखान्यासकट.

ती काही बोलली नाही. मीही नाही.
नवं बेअरिंग तापवलं,
तिने हातमोजे पुढे केले.

आता फॉर्म विचारतो:
विद्यार्थिनी सूचना पाळते का? एक ते पाच.
पेन धरून बराच वेळ बसलो.
शेवटी दोन लिहिले, आणि समासात:
हे कौतुक आहे.

सोबत तिची डायरी.
पर्यवेक्षकाने वाचून सही करायची असते.
पहिला आठवडा: नळांचे नकाशे, किल्ल्या कुठे असतात.
दुसरा आठवडा: रोझेरच्या उजव्या बाजूला
उभं राहून बोलावं.
एवढंच. कारण लिहिलेलं नाही.
कॉलेजातल्या बाईंनी त्या ओळीखाली
हिरव्या शाईने प्रश्नचिन्ह काढलंय.

डावा कान गेलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे,
हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.
आत्ता आठवतं, झडपेपाशी वाकताना,
डबा खाताना, ती वळसा घालून
या बाजूला यायची.
मला वाटायचं, हीटर इकडे आहे म्हणून.

सही केली. तारीख घातली.
एकूण तास: एकशे पस्तीस.
तो रविवार त्यात नाही, तिनेच खोडला,
म्हणाली, नियमात बसत नाही.
पाकीट चिकटवण्याआधी पहिलं पान पुन्हा काढलं.
चौकोनातली रेघ तशीच राहू दिली.

काचेपलीकडे ती दोन नंबरला कान लावून उभी.
मी काहीतरी विचारतो.
ती न बघताच हात वर करते:
थांब.